देवघरातून घळीत गेलेली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. माझ्या मुठीवर पंख मिटून बसलेला गरुड आहे, आणि इतक्या वर्षांच्या बोटांनी त्याचे नाक झिजून सपाट झाले आहे. सध्या माझा मुक्काम पुण्यात, कोथरूडच्या एका फ्लॅटमधल्या देवघरात आहे. पण मित्रांनो, मला साधीसुधी समजू नका. मी जपानला जाऊन आले आहे, आणि तिथल्या एका डोंगराच्या घळीत अस्वलासमोर वाजले आहे. माझी गोष्ट ऐकताना एक लक्षात ठेवा, माझा स्वभाव जळका आहे. मी तो कधी लपवला नाही, आजही लपवणार नाही.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीत झाला. मातीच्या साच्यात वितळलेले पितळ ओतले, साचा फोडला, आणि मी बाहेर आले. मग मला कानसले, घासले, आत लोळा बसवला. लोळा म्हणजे माझ्या पोटात लोंबणारा तो छोटा गोळा, माझी जीभच म्हणा ना. ओताऱ्याने मला एकदा वाजवले, कान देऊन ऐकले आणि म्हणाला, "हिचा आवाज लांब जाणार." तेवढे एक वाक्य मी आयुष्यभर उराशी धरले.

मला विकत घेतले गुणवंतरावांनी. ते बँकेत नोकरीला होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायचे आणि आरतीला उभे राहायचे. डाव्या हातात मी, उजव्या हातात निरांजन. माझा आवाज ऐकला की इमारतीतली पोरे खेळ टाकून प्रसादाला धावत यायची. त्यांची धाकटी मुलगी विभा तान्ही असताना काही केल्या रडायची थांबत नसे, पण मला वाजवले की गप्प. त्या वर्षांत माझा रुबाब काय वर्णावा! घरात समई होती, शंख होता, चांदीचे ताम्हन होते, पण माझ्याशिवाय कोणाची आरती सुरू होत नव्हती.

पुढे विभाचे लग्न झाले. जावई सौमित्र कॉम्प्युटरवाला, त्याला जपानमध्ये काम मिळाले. जाताना गुणवंतरावांनी मला मऊ पंच्यात गुंडाळून लेकीच्या बॅगेत घातले. "तिकडे देव एकटे पडायला नकोत," म्हणाले. मी तोऱ्यातच निघाले.

जपानमधल्या ग्योतोकु नावाच्या गावात आम्ही ज्या इमारतीत राहायला गेलो, तिच्या भिंती पापडासारख्या पातळ होत्या. शेजारच्या काकू शिंकल्या तरी आम्हाला कळायचे. गेल्या गेल्या खाली फलकावर एक कागद लागला, त्यात अगदी अदबीने लिहिले होते की रहिवाशांनी संध्याकाळी आवाजाची काळजी घ्यावी. तो कागद सगळ्यांसाठी होता, पण विभाने तो मनाला लावून घेतला. त्या दिवसापासून तिने मला उचलले नाही. आरती मोबाइलवर लागायची, तीही इतकी हळू की देवांनाही कान टवकारावे लागत असतील. मोबाइलमध्ये घंटा वाजायची ती माझ्या डोळ्यांदेखत. मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा घरातली आवराआवर करताना सौमित्रने मला धातूच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले होते. तिकडे कचरा वेगवेगळा करून ठेवावा लागतो, आणि काळवंडलेली मी त्याला मोडीत काढलेल्या भांड्यांतली वाटले. विभाने वेळेवर पाहिले म्हणून वाचले. माझ्यावरून त्यांचे कडाक्याचे भांडण झाले, पण भांडण मिटल्यावरही मला घासायचे काही कोणाला सुचले नाही.

अशी काही वर्षे गेली. मग एका शरद ऋतूत बातमी आली की गुणवंतराव तीन महिन्यांसाठी येत आहेत. मला वाटले, माझा माणूस येतोय! आता हा मला उचलेल, पुसेल, वाजवेल. दार उघडले. गुणवंतराव आत आले. थकले होते, केस पिकले होते. आणि त्यांच्या गळ्यात होती ती.

दुर्बीण! काळी, चकचकीत, दोन डोळ्यांची. मी त्यांच्या हातात वर्षानुवर्षे काढली, पण त्यांनी मला कधी गळ्यात घातले नव्हते.

नोकरी सुटल्यावर गुणवंतरावांना पक्षी-प्राणी बघायचा नाद लागला होता. मी परदेशात, आणि घरात ही सवत आलेली. वर त्यांनी तिला ठेवले कुठे, तर देवघराच्या फळीवर, अगदी माझ्या शेजारी. का, तर तिथे जुईचा हात पोचत नाही. जुई ही विभाची लेक, नऊ वर्षांची, मराठीत विचारले की जपानीत उत्तर देणारी.

दिवसभर सगळे बाहेर गेले की दुर्बीण बढाया मारायची. गुणवंतरावांची थोरली लेक नयना अमेरिकेत असते, तिच्याकडे ही जाऊन आली होती. म्हणे तिथे वाळवंटात एक घळ आहे. तांबड्या खडकांच्या उंच भिंती, तळाला घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा. शरद ऋतूत त्या ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडे पिवळीधमक होतात, आणि चार पावले पुढे पुन्हा सगळा रखरखाट. "खेचरासारख्या कानांची हरणं पाणी प्यायला येतात," ती म्हणायची. "शेपूट उभारून पळणारा पक्षी आहे. मी त्याच्या डोळ्याचं बुबुळसुद्धा पाहिलंय. तू काय पाहिलंस ग?"

मी काय पाहिले? ताम्हन, उदबत्तीची राख आणि विभाचा मोबाइल.

पण एक गोष्ट तिलाही लागून होती, आणि ती खरी काळजीची होती. गुणवंतरावांच्या डोळ्यांचा पडदा बिघडत चालला होता. उजव्या डोळ्याला मधले सगळे पुसट दिसायचे. डावा अजून धड होता, पण पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते की तोही असाच जाईल, औषधाने फक्त वेळ लांबेल. गुणवंतरावांची एकच इच्छा उरली होती. जपानच्या डोंगरात कामोशिका नावाचे जनावर असते, धड शेळी नाही की धड हरीण नाही. ते त्यांना पुस्तकात नव्हे, समोर पाहायचे होते. "डाव्यात तेल आहे तोवर एकदा," असे ते हसत म्हणायचे, आणि विभा तोंड फिरवून स्वयंपाकघरात जायची.

म्हणून नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी उत्तरेकडच्या एका घळीत जायचे ठरले. तिथे ओढ्याकाठाने पायवाट आहे, सरकारने राखलेले उद्यान आहे, आणि कामोशिका हमखास दिसते म्हणतात. सौमित्रच्या ऑफिसातल्या एकाने बजावले, अस्वलघंटा घेऊन जा. तिकडे डोंगरात जाताना लोक पाठपिशवीला घंटा बांधतात. आवाज आला की अस्वल आपणहून दूर जाते. सौमित्र दुकानात गेला, तर घंटा संपलेल्या. त्या वर्षी अस्वलांचा फार सुळसुळाट झाला होता, सगळ्यांनीच घेतल्या होत्या.

"आता काय करायचं?" सौमित्र म्हणाला. "उद्या सकाळची ट्रेन आहे."

विभा देवघराकडे बघून म्हणाली, "घंटा म्हणजे घंटाच ना? आपली आहे की."

"अगं, देवाची घंटा बॅगेला बांधायची?"

"देवाला चालेल," गुणवंतराव म्हणाले. "अस्वलाचं तेवढं मला माहीत नाही."

मित्रांनो, त्या रात्रीच मला चिंच लावून घासले. नाडीने गरुडाच्या मानेला गाठ मारून मला जुईच्या पाठपिशवीला लटकवले. दुर्बीण गुणवंतरावांच्या गळ्यात होती, मी पोरीच्या पाठीवर होते, तरी माझी कुरकुर नव्हती. मी वाजणार होते.

ट्रेन, मग दुसरी ट्रेन, मग वळणावळणाची बस. घळीच्या तोंडाशी एक छोटी कचेरी होती. तिथल्या बाईंनी नकाशा दिला आणि जुईला काहीतरी सांगितले. जुईने आजोबांना मराठीत सांगायचा प्रयत्न केला, "दोंगुरी कमी आलेत या वर्षी. म्हणून कुमा खाली येतात. बेल वाजवत चाला म्हणतायत." दोंगुरी म्हणजे ओकच्या झाडाची बोंडे आणि कुमा म्हणजे अस्वल, हे आता आजोबांनाही पाठ झाले होते.

आम्ही आत शिरलो. काय सांगू! ओढा खळाळत होता, खडकांवर पांढरा फेस होता, आणि दोन्ही बाजूंचे डोंगर पेटल्यासारखे लाल झाले होते. मधूनच एखादे झाड हळदीसारखे पिवळे. खाली पडलेल्या पानांना गुळाच्या पाकासारखा वास येत होता. एक पान माझ्यावर येऊन अडकले, ते जुईने काढून वहीत ठेवायला घेतले. आणि तिच्या प्रत्येक पावलाला मी वाजत होते. घळीच्या भिंतींवरून माझा आवाज परत येत होता. समोरून येणाऱ्या एक आजी थांबल्या, माझ्याकडे पाहून त्यांनी चक्क हात जोडले आणि काहीतरी बोलल्या.

"आवाज छान आहे म्हणतायत," जुई म्हणाली.

माझा ऊर भरून आला. दुर्बिणीकडे मी मुद्दाम पाहिले.

पण माझा तोरा फार टिकला नाही. ओढ्यातल्या दगडावर एक चॉकलेटी पक्षी बसला होता. तो पाण्यात बुडी मारून तळावरून चालतो म्हणे. गुणवंतरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, जुई दोन पावले पुढे गेली, मी वाजले, पक्षी गेला. पुढे माकडांची टोळी रानद्राक्षे खात होती. मी वाजले, टोळी वर पळाली. पलीकडच्या काठाला हरणी होती, तीही गेली. दुर्बीण सगळ्यांना जवळ आणायची आणि मी सगळ्यांना घालवायची. हा कुठला न्याय?

गुणवंतराव एका खडकावर टेकले. "देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून घंटा वाजवतात," ते जुईला म्हणाले. "पण आपल्या घंटेला देव कोण नि राक्षस कोण ते कळत नाही. सरसकट सगळ्यांना हाकलते."

जुई खळखळून हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

विभा आणि सौमित्र मागे फोटो काढत राहिले होते. गुणवंतरावांनी इकडेतिकडे पाहिले, खिशातून रुमाल काढला आणि माझा लोळा त्यात गुंडाळून घट्ट गाठ मारली.

"आजोबा, बेल बंद केली तर कुमा..."

"पाचच मिनिटं. आईला सांगू नकोस."

मी मुकी झाले. इतक्या वर्षांनी मला आवाज मिळाला होता, तो त्यांनीच काढून घेतला, आणि तोही तिच्यासाठी. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले ते तुम्हाला सांगण्यासारखे नाही. मनात म्हटले, फुटो तिची काच.

आणि तेवढ्यात कामोशिका आली. पलीकडच्या काठावर, लाल पानांच्या खाली, राखाडी रंगाचे काहीतरी हलले. मला लांबचे नीट दिसत नाही, पण गुणवंतरावांचा श्वास थांबलेला मला कळला. त्यांनी जुईची पिशवी तिच्या खांद्यावरून हळूच उतरवून स्वतःजवळ ठेवली आणि पुटपुटले, "जा, आईबाबांना बोलाव. पण बोलू नका, पाय न वाजवता या." जुई तोंडावर बोट ठेवून वळणामागे गेली.

कामोशिकाची पाठ आमच्याकडे होती. ती चरत होती. "वळ ग बाई," गुणवंतराव दुर्बिणीतून तिला विनवत होते. "एकदा तोंड दाखव. एकदाच." धड असलेला डोळा त्यांनी काचेला इतका दाबून धरला होता की त्यातून पाणी येत होते. डोळा पुसायला त्यांनी दुर्बीण किंचित वळवली, आणि पायवाटेच्या वर, वळणाशी, ओकच्या झाडात त्यांना काहीतरी काळे दिसले. झाडावर थोडी बोंडे उरली होती. अस्वल फांद्या मोडून ती खात होते. छातीवर पांढरा चंद्रकोरीसारखा पट्टा होता.

त्या झाडाखालून जुई येत होती. पुढे ती, मागे तिचे आईबाप. तिघेही तोंडावर बोट ठेवून, आजोबांनी सांगितले तसे, पाय न वाजवता.

"जुई!" गुणवंतराव ओरडले. ओढ्याने त्यांचा आवाज गिळला. पुन्हा ओरडले. तिघे हसत पुढेच येत होते. मग त्यांनी मला उचलले. रुमालाची गाठ सुटेना. त्यांनी गाठ दातांनी ओढली, रुमाल टरकन फाटला, आणि त्यांनी मला वाजवले.

तसे मला आयुष्यात कोणी वाजवले नाही. हात डोक्याच्या वर नेऊन, खांद्यापासून. ओताऱ्याने म्हटले होते तसा माझा आवाज लांब गेला, ओढ्याच्या वर गेला, भिंतीवर आपटून परत आला. जुई जागच्या जागी थांबली. झाडावरून काळे काहीतरी धप्पकन उतरले आणि फांद्या मोडत डोंगरावर दिसेनासे झाले. विभाची किंकाळी मला स्वच्छ ऐकू आली.

आणि पलीकडचा काठ रिकामा झाला होता.

विभा धावत आली, जुईला कवटाळले, मग तिचे लक्ष फाटक्या रुमालाकडे गेले. "बाबा, तुम्ही घंटा बांधून ठेवली होती?"

गुणवंतरावांनी रुमालाच्या चिंध्या गोळा करून खिशात घातल्या.

"तुमच्या डोळ्यांसाठी आम्ही काय वाटेल ते करू. पण माझी पोर आहे ती, बाबा."

"विभा, पुरे," सौमित्र म्हणाला. "त्यांनीच वाजवली ना."

जुई रडत होती. "आजोबा, गोमेन ने. माझ्यामुळे ती पळाली." तिकडे सॉरी असेच म्हणतात.

"तुझ्यामुळे नाही ग राणी. पाठ दिसली मला तिची. छान होती पाठ." असे म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या दिवशी त्या पोरीला मी वाचवले, असे सगळे म्हणतात. सौमित्रने ऑफिसात सांगितले, विभाने पुण्याला फोन करून सांगितले. ग्योतोकुत मला रोज पुसू लागले. पण मित्रांनो, परत जाताना गुणवंतराव सबंध वाटभर पलीकडच्या काठाकडे वळूनवळून बघत होते. मी त्यांच्या हातात होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. एका शेळीसारख्या जनावराच्या पाठीचा मला इतका हेवा वाटेल, असे कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

पुण्याला निघायच्या दिवशी गुणवंतरावांनी दुर्बीण जुईच्या गळ्यात घातली. "माझ्या आता काय उपयोगाची? घंटा मात्र मला दे. ती वाजवायला डोळे लागत नाहीत." विभाने मला त्याच पंच्यात गुंडाळले आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवून बराच वेळ उठलीच नाही.

आता मी पुन्हा माझ्या घरी आहे. गुणवंतरावांचा डावा डोळाही जवळजवळ गेला. निरांजन शेजारची प्रणिता लावून देते, मला मात्र गुणवंतरावच वाजवतात, रोज, मोकळ्या हाताने. जे जे मला हवे होते ते सगळे मिळाले. मी सुखात आहे, असेच मी समजत होते.

परवा संध्याकाळी आरती अर्ध्यावर आली होती आणि फोन वाजला. आरती चालू असताना त्यांनी कधीही फोन घेतलेला नाही. पण जुईसाठी वेगळी धून लावून ठेवली आहे. त्यांनी मला खाली ठेवले आणि फोन घेतला.

"आजोबा! आम्ही परत तिथे गेलो होतो! ती दिसली! आणि ती वळली, माझ्याकडे बघत होती!"

"घंटा वाजवत होतीस ना?"

"हो, नवी घेतली आम्ही. पिशवीलाच होती, वाजत होती. तरी ती पळाली नाही. उभी राहून बघत राहिली."

ऐकलेत? माझ्या आवाजाने पळाली, आणि दुकानातल्या त्या नव्या टीचभर घंटेसाठी थांबली! माझ्या पोटात असे दुखले की लोळा आपोआप हलला असता.

"तोंड कसं होतं ग?" गुणवंतरावांनी विचारले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"आजोबांसारखं," जुई म्हणाली. मग तिला वाटले असेल की एवढ्याने भागणार नाही. ती थांबून, शब्द शोधत, मराठीतच सांगू लागली. गालांवर पांढरे केस आहेत, दाढीसारखे. कान मोठे आणि आतून मऊ. शिंगे एवढीशीच, मागे वळलेली. नाक ओले आहे. तोंडातून एक लाल पान अर्धे बाहेर आले होते, आणि बघताना ती ते चावायची विसरली होती. गुणवंतराव डोळे मिटून ऐकत होते. सांगून झाले की म्हणायचे, "पुन्हा सांग. तोंडापासून सांग."

फोन ठेवल्यावर त्यांनी आरती पहिल्यापासून सुरू केली. मला उचलले, आणि इतके हळू वाजवले की प्रणिताच्या घरातही ऐकू गेले नसेल. मी रागावले नाही. दुर्बिणीवर, त्या नव्या घंटेवर मी अजून जळते, पण त्या वेळी जितके हळू त्यांना हवे होते तितकेच मी वाजले.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला फळीवर काळवंडू देऊ नका. घासा, वापरा, तिच्या कामाला लावा. आणि घरात कोणाची नजर अधू होत असेल, तर तुम्हाला जे दिसते ते त्यांना सांगत जा. घाई करू नका, आणि सुरुवात तोंडापासून करा.